एका हाताची चिलीम

अमरावतीच्या बाजारात मी कापूस तोलतो. उमेदीची सारी वर्षे काट्यापाशी उभे राहण्यात गेली. तरी 'गोविंदा काटेवाला कुठे बसतो' असे कुणाला विचारले तर तो विचारात पडेल. 'चिलीमवाला गोविंदा' म्हटले की कुणीही गाडीवान हातातला कासरा न सोडता हनुवटीने माझी जागा दाखवील. ज्या कामावर पोट चालले त्याने नाव झाले नाही, आणि ज्याने नाव झाले ते मी कधी काम मानलेच नाही. ती माझी हौस.

या मासिकाच्या चालकांनी मला कापसाच्या तेजीविषयी लिहायला सांगितले होते. तेजीचे लोकांना ठाऊकच आहे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीत पिकलेल्या बोंडाला एकाएकी मान आला. तिवशाकडून येणाऱ्या गाड्यांची रांग सकाळी दिसायची तशीच संध्याकाळी दिसायची. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करवल्या, कुणी पोराच्या लग्नात गावजेवण घातले. मी मात्र त्या वर्षांत चिलीम करायला शिकलो. तेव्हा मी चिलमीविषयीच लिहीन, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ज्यांनी चिलीम ओढली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. कुंभाराकडची साधी चिलीम म्हणजे खाली निमुळती होत गेलेली मातीची नळी. आत खडा, खड्यावर तमाखू, तमाखूवर गोवरीचा विस्तव. खालच्या टोकाला ओले फडके गुंडाळायचे, त्याला छापी म्हणतात. ती नळी एका हाताच्या बोटांत धरायची, दुसऱ्या हाताने खालची फट बुजवायची आणि अंगठ्यापाशी जी पोकळी राहते तिथे तोंड लावून ओढायचे. म्हणजे तोंड लागते ते आपल्याच मुठीला. चिलीम उष्टी होत नाही, म्हणून ती या हातातून त्या हातात फिरते. पण दोन्ही हात मोकळे हवेत. एका हाताने धरली तर खालून वारा शिरतो आणि धूर येत नाही.

माझी चिलीम एका हाताने ओढता येते. वर कुंभाराची मातीची वाटी, खाली बाभळीची मूठ. मूठ अशी घडवलेली की पंजा आवळला की खालची फट आपोआप बुजते. दुसऱ्या हाताचे काम लाकूड करते. लोक तिला 'एकहाती' म्हणतात. गाडीवानांना ती फार सोयीची पडली, कारण एक हात कासऱ्यावर राहतो.

तऱ्हेतऱ्हेची माणसे माझ्याकडे आली. तिवशाचा एक गाडीवान बैलाचे शिंग घेऊन आला. त्याचा ढवळ्या म्हातारा होऊन गेला होता आणि त्याला त्याच्याच शिंगाची मूठ हवी होती. मी परोपरीने सांगितले की शिंग तापले की वास मारते. ऐकेना. केली. पहिल्या झुरक्याला काट्याभोवतीची माणसे पदर आणि उपरणी नाकाला लावून पांगली. गाडीवान डोळे मिटून म्हणाला, "जिता होता तवाबी असाच वास मारे लेकाचा," आणि खुशीत घेऊन गेला. कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबानेही हौसेने एक नेली. त्याने मूठ पंजात धरायची सोडून सरळ दातांत धरली. वाटीतला विस्तव त्याच्या मिशीवर पडला. तो माझ्यावर रागावला नाही, हे त्याचे मोठेपण. पण पुन्हा त्याने ती हातात घेतली नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की मी गाडीवानांसाठी डोके लढवले. तसे नाही. पहिली एकहाती मी माझ्या थोरल्या भावासाठी केली, आणि ती का करावी लागली हे सांगताना मला आजही जड जाते.

आम्ही अकोल्याचे माळी. जुन्या शहरापलीकडे मोर्णेच्या काठाला आमचा मळा. वांगी, मेथी, कांदे. तेजीच्या दिवसांत कापसाच्या हंगामात मळेकऱ्यांची पोरेसुद्धा मजुरीला निघाली, तसे मी आणि महादूदादा अमरावतीला गठाणी बांधायच्या एका कारखान्यात लागलो. तिथे मोठा मळसूत्री पेच होता. आडव्या दांड्यांना माणसे लागत, गोल गोल फिरत, आणि वरची जाड फळी खाली येऊन कापूस दाबीत असे. फळी येण्याआधी कडेचा कापूस हाताने आत लोटायचा असे. त्या सकाळी लोटायची पाळी माझी होती. मला ताप भरला होता. दादा म्हणाला, "तू पडून राय, मी जातो." त्याचा उजवा हात मनगटावरून गेला.

मला तापच आला होता, लबाडी केली नव्हती. दादानेही कधी बोलून दाखवले नाही. पण न बोललेले मला अधिक ऐकू येत असे.

हात बरा झाल्यावर दादा अकोल्याला परतला. डाव्या हाताने तो पाट वळवू लागला, रोपे लावू लागला. वहिनी म्हणे, "एका हातानं दोघाचं काम करते." एकच गोष्ट त्याने सोडली. संध्याकाळी विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचे पाणी पडते त्या कुंडापाशी, शेजारचे मळेकरी जमत. उकंडाकाका हे त्यांतले वडीलधारे. तोंडाचे तिखट, आणि चिलीम पेटवायचा मान त्यांचा. आधी दादा त्यांच्या शेजारी बसायचा. आता काका चिलीम त्याच्यासाठी धरून म्हणाले, "घे, मी धरतो, तू वढ." दादा उठला तो पुन्हा तिथे गेला नाही. मला नंतर म्हणाला, "मले लेकरावानी पाजून राह्यले होते."

त्याला तमाखूची तेवढी चटक नव्हती. त्याला ती बैठक हवी होती. उद्या पाणी कुणी घ्यायचे, बाजारात काय न्यायचे, कुणाच्या बैलाला काय झाले, सगळे तिथे ठरत असे. दादा झोपडीच्या दारात बसून त्यांचे हसणे ऐकायचा. हळूहळू त्याला न विचारता पाण्याच्या पाळ्या ठरू लागल्या. कुणाचा द्वेष नव्हता. जो बसत नाही त्याला कोण विचारणार? दादा मळ्यातच होता, पण मळेकऱ्यांतून उठत चालला होता.

मला तोवर काट्यावर काम मिळाले होते. एक दिवस बाजारात कापसाचा साहेब घोड्यावरून गेला. एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने तोंडातली लाकडी नळी धरलेली, तिच्यातून धूर. एका हाताने! मी ज्या शेतकऱ्याचा कापूस तोलत होतो तो ओरडला, "अबे, काट्याकडं पाह्य, घोड्याकडं काहून पाहून राह्यला?"

बाजारात लाकडाला तोटा नव्हता. गाड्या इतक्या मोडत की चाकांचे बाभळीचे आरे रस्त्याच्या कडेला पडलेले असत. वर्षानुवर्षे उन्हात वाळलेले, चिरा न पडणारे. हंगाम संपून बाजार थंडावला तेव्हा मी तसले आरे कापसाच्या फाटक्या बारदानात बांधून अकोल्याला घेऊन गेलो. वहिनीने विचारले, "भाऊजी, वांग्याले आधार द्याले आणले का?" मी हो म्हटले. दादाला कळले आणि जमले नाही तर काय, ही भीती होती.

मी सुतार नाही. कोरताना हात कापले, तापलेली तार घालून भोक पाडताना कितीदा ते कडेने बाहेर निघाले. पण खरे सांगतो, त्या कामात मी दादाचा हातसुद्धा विसरून जाई. लाकडाचा भुगा मांडीवर पडतोय, बाभळीचा लालसर रंग उघडा होतोय, याने जो आनंद होई त्याची मला लाज वाटे. भावाच्या दुःखावर माझी हौस चालली होती. मग मी आणखी झपाट्याने कोरीत असे.

पहिली चिलीम साहेबाच्या नळीसारखी केली. लाकडी वाटी जळू नये म्हणून आत कुंभाराकडून मातीची छोटी वाटी करून बसवली. आता तपासायची कशी? दादा थोरला. त्याच्या तोंडात जायची वस्तू मी आधी तोंडात घालून उष्टी कशी करू? म्हणून मी बोटभर अंतरावरून फुंकर मारली. वारा सरळ आरपार गेला. पुन्हा मारली. गेला. मी खुशीत दादाच्या हातात दिली.

दादाने ती उलटसुलट पाहिली. विस्तव त्यानेच ठेवला. ओढली. गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या, धूर काही येईना.

"हिच्यात बोळा हाय," तो म्हणाला.

मी घेऊन फुंकर मारली. राख भुर्रकन उडाली. "मोकळी हाय, दादा."

त्याने पुन्हा ओढली. पुन्हा बंद. मी फुंकली, चालू. असे दोनतीनदा झाले. दादाचा चेहरा बदलत गेला.

"तू फुकतं तं चालते, मी वढतो तं नाई चालत," तो हळूच म्हणाला. "माही गंमत करून राह्यला का रे गोइंदा?"

त्याने ती चिलीम पाटात भिरकावली आणि कांद्याच्या वाफ्यात निघून गेला. मी गुडघाभर पाण्यात उतरून ती काढली. तापाच्या दिवशी अंथरुणावर पडून जसे वाटले होते तसेच वाटले.

ती उभी चिरली तेव्हा कळले. तार घालताना लाकडाची एक कुसळासारखी ढलपी आत सुटून एका टोकाने चिकटून राहिली होती. फुंकर आली की ती बाजूला होई, ओढले की भोकावर बसे. लोहाराच्या भात्यातल्या कातड्याच्या पडद्याचे जे काम तेच ती करीत होती. चूक ढलपीची नव्हती. ओढायची वस्तू मी फुंकून तपासली होती. उष्टे होईल या धाकाने!

आता तोंड न लावता ओढायचे कसे, हा प्रश्न पडला. उत्तर वहिनीच्या गळक्या घागरीने दिले. ती भरून ठेवलेली घागर बुडातून ठिबकत होती आणि वर झाकलेले ओले फडके आत खेचले जाऊन खोलगट झाले होते. पाणी खाली जाते तेवढा वारा वरून आत जातो! मी घागरीचे बुडाचे छिद्र मोठे केले, त्यात बुच्चा ठोकला, घागर भरली, तिच्या तोंडात नव्याने कोरलेली दुसरी चिलीम घालून भोवती चिखल लिंपला, वर तमाखू आणि विस्तव ठेवला आणि बुच्चा काढला. पाण्याची धार लागली आणि विस्तव लाल झाला. घागर चिलीम ओढू लागली.

वहिनी दारात आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अवं बाप्पा! घरातला वढणारा बसला, अन् माही घागर वढाले लागली!" तिचे हसणे ऐकून दादा आला. घागरीवरचा विस्तव कुणी न ओढता लाल होताना बराच वेळ पाहत राहिला. मग वाकून बुच्चा उचलला, छिद्रात बसवला, काढला, पुन्हा बसवला. विस्तव मंदावे आणि फुले. मी त्याला ढलपीची हकीकत सांगितली.

"फुकण्यात अन् वढण्यात फरक हाय म्हणतं," तो म्हणाला.

"हाय ना. मीच बह्याड," मी म्हणालो. अपघातानंतर दादा हसल्याचे मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

आजही माझी प्रत्येक चिलीम आधी घागर ओढते.

दुसरी नळी उत्तम निघाली. दादाने झोपडीच्या दारात बसून ती एका हाताने ओढली, मोठा धूर सोडला. मी मनात म्हटले, फिटले. पण त्याने ती खाली ठेवली.

"चांगली हाय. पण हे घेऊन मी थारोळ्यावर जाऊ का?"

"काहून नाई?"

"अरे, हिले तोंड लागते. मी वढली की माहीच झाली. मंग ते सारे यका चिलमीवर, अन् मी बाजूले साहेबावानी यकटा फकफक करत बसू? त्यापेक्षा इथंच बरा."

तो बरोबर बोलत होता. धूर मी त्याला मिळवून दिला होता, सोबत नाही. कोरायच्या नादात मी साहेबाची नळी पाहिली, दादाला काय हवे ते पाहिले नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी मी दादाला म्हटले, "मूठ आवळ." त्याच्या डाव्या पंजात ओल्या चिखलाचा गोळा ठेवला आणि रिकामी चिलीम धरल्यासारखा पंजा आवळायला लावला. अंगठ्यापाशी पोकळी तेवढी मोकळी ठेवली. बोटे सोडल्यावर चिखलात जो आकार राहिला तोच मी बाभळीत कोरला. भोक पंजाच्या आतल्या पोकळीत उघडेल असे काढले. म्हणजे तोंड लाकडाला नाही, स्वतःच्या अंगठ्याला लागेल. कुणाचा पंजा लहान, कुणाचा मोठा, तर छापीचा एखादा वेढा कमी-जास्त करायचा. लाकडे वाया गेली, पंजाला फोड आले, दादा शेजारी बसून "इथून थोडं काढ, इथं भरदार ठिव" असे सांगत राहिला. कोरणारा मी होतो, पण हात त्याचा होता. घागरीने ओढली. मग दादाने ओढली. उष्टी झाली नाही.

संध्याकाळी वहिनीने त्याच्या अंगावर धुतलेली बंडी दिली. तो निघाला. मी विस्तवाचे खापर घेऊन मागे. थारोळ्यापाशी बोलणे चालू होते ते थांबले.

"काय रे महादू, वाट चुकला का?" उकंडाकाका म्हणाले.

"तुमाले वाटलं मेलो?"

"मेला असता तं तेराव्याचं जेवलो असतो. ते काय आणलं हातात? वांगं?"

सगळे हसले. दादा त्यांच्यात बसला. त्याने मांडीत धरून चिलीम भरली, मी वर विस्तव ठेवला, त्याने छापी ओली करून दातांनी ताणून गुंडाळली. पंजा आवळला, अंगठ्याला तोंड लावले, आणि ओढली. वाटी लाल झाली. धूर इतका निघाला की काकांनी डोळे चोळले. "यका हातानं? अन् तोंड न लावता?" कुणीतरी पुढे सरकला. दादाचा चेहरा असा उजळला होता की मला तिकडे पाहवेना.

आता चिलीम पुढे द्यायची. दादाने हात पुढे केला, आणि तो तसाच अधांतरी राहिला.

हात डावा होता. आमच्यात डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत, वडीलधाऱ्याला तर नाहीच. चिलीम द्यायची ती उजव्याने, घ्यायची ती उजव्याने. लाकूड, माती, ढलपी, उष्टे, सगळ्याचा मी विचार केला होता. चिलीम त्याच्या हातातून निघायची कशी, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. दादाच्याही नाही. त्याचा हात मागे येऊ लागला.  बाजूला बैल फुरफुरला.

उकंडाकाकांनी आपला उजवा हात मांडीखाली घेतला आणि डावा पुढे केला.

"आन इकडं लवकर. मी का ताटावर बसलो हाय? इस्तो इझून राह्यला."

दादाने दिली. काकांनी डाव्या पंजात मूठ आवळली, एकदा ओढली, खोकले, पुन्हा ओढली. "हे साली चांगली हाय बे," म्हणाले, आणि शेजाऱ्याला डाव्या हातानेच दिली. त्याने काकांकडे पाहिले, आपला उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्याने घेतली. अशी ती सगळ्या बैठकीत फिरली. त्या थारोळ्यावर आजही ती डाव्या हातानेच फिरते. नवा कुणी येऊन चुकून उजवा हात पुढे करतो तेव्हा त्याला हसतात.

फिरून दादाकडे आली तेव्हा वाटी विझली होती. बोलणे पाण्याच्या पाळीवर आले होते. "उद्याचं पाणी मी घेईन," दादा म्हणाला, आणि कुणी नाही म्हटले नाही. मग त्याने मान न वळवता चिलीम माझ्याकडे धरली.

"बसला काय पाहत? इस्तो आण."

हात गेल्यापासून त्याने मला एकही काम सांगितले नव्हते. एक घागरसुद्धा उचलून दे म्हटले नव्हते. पूर्वी तो असाच हुकूम सोडायचा, आणि मी असाच कुरकुरत उठायचो.

या वेळी मी कुरकुर केली नाही. विस्तव आणायला मी धावतच गेलो.